गोंदण, उंबरठा आणि आडवी बाटली

मानवी त्वचेच्या आतल्या थरात सुईने रंग सोडून कायमची उमटवलेली आकृती म्हणजे गोंदण होय, आणि एखाद्या वास्तूत कोणी शिरावे व कोणी शिरू नये हे ठरवण्यासाठी तिच्या तोंडाशी उभा केलेला, त्या वास्तूत बसून खाण्यापिण्याची ऐपत बहुधा स्वतःला नसलेला, पगारी मनुष्य म्हणजे द्वारपाल होय. या दोहोंची गाठ पडली की काय घडते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. गोंदणाचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. आल्प्स पर्वतात 1991 साली बर्फात सापडलेल्या, ओट्झी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि सुमारे 5300 वर्षांपूर्वी मरण पावलेल्या पुरुषाच्या अंगावर अभ्यासकांनी 61 गोंदणखुणा मोजल्या असून त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेले बाणाचे टोकही शोधून काढले आहे. बाण मारणाऱ्याचा आक्षेप गोंदणालाच होता असे म्हणण्यास पुरावा नाही; तथापि प्रवेश नाकारण्याच्या तत्कालीन पद्धतींची त्यावरून थोडीफार कल्पना येते.

मद्यालयाच्या दारातून गोंदणापायी माणसे परत पाठवण्याची चाल प्रामुख्याने परदेशातली असली, तरी तिची कसोटी लावून पाहण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्याइतकी सोयीची जागा मिळणे कठीण आहे. नाशिकहून सावळघाटमार्गे गुजरातेतील धरमपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेला हा डोंगराळ तालुका भात, नागली आणि वरई पिकवतो, पावसाळ्यात ढगांत बुडालेला असतो, आणि त्याची बहुतांश वस्ती कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी समाजांची आहे. या समाजांतील जुन्या पिढीच्या स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि कोपरापासून मनगटापर्यंत हातांवर निळसर-हिरव्या ठिपक्यांची व रेषांची गोंदणे असतात. त्यांत तुळस असते, विंचू असतो, फुले-नक्षत्रे असतात, आणि ती लहानपणीच, म्हणजे नकार देण्याचे वय येण्याच्या आत, काढून घेण्याची रीत होती. चेहऱ्यावर वा हातावर दिसेल असे गोंदण असणाऱ्यास प्रवेश नाही, हा नियम पेठेच्या बाजारपेठेत एक दिवस काटेकोरपणे अमलात आणला, तर तालुक्यातील आज्यांची एक संपूर्ण पिढी दाराबाहेर राहील, आणि आत उरतील ते बहुधा बदलीवर आलेले कर्मचारी.

या नियमाची दुसरी गंमत अशी की, गोंदणाविषयीची लोकसमजूत त्याच्या नेमकी उलट चालते. मनुष्य गेल्यावर अंगावरची चांदी सुनेकडे जाते, पैठणी कपाटात जाते, जमिनीचे काय होते ते तलाठ्याला ठाऊक. बरोबर येते ते फक्त गोंदण, असे महाराष्ट्रात अनेक समाजांतील स्त्रिया सांगत आल्या आहेत. भारतातील कित्येक समाजांत याहीपुढे जाऊन असे मानले गेले की, अंगावर गोंदण नसलेल्या बाईला वरच्या दाराशी थांबवून जाब विचारला जातो. म्हणजे स्वर्गाचा द्वारपाल गोंदण पाहून आत सोडतो आणि मद्यालयाचा द्वारपाल गोंदण पाहून बाहेर काढतो. एकाच अंगावरच्या एकाच विंचवाने दोन्ही ठिकाणी चालावे, अशी अपेक्षा त्या विंचवाकडून करणे अन्यायाचे आहे.

पूर्वी हे काम गावोगाव हिंडणाऱ्या गोंदणाऱ्या बाया करीत. काजळी, झाडपाल्याचा रस आणि सुयांचा झुबका एवढी त्यांची सामग्री असे, आणि पोरीने रडू नये म्हणून त्या गाणी म्हणत, ज्यांचा उपयोग पोरीपेक्षा ऐकायला जमलेल्यांनाच जास्त होत असे. पुढे न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली याने 1891 साली विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले, आणि त्या यंत्राचे दूरचे वंशज आज वणीच्या सप्तशृंगीच्या यात्रेत किंवा त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेत बॅटरीवर घरघरताना आढळतात. तेथे नवऱ्याचे नाव, बदाम, महादेवाची पिंड, त्रिशूळ आणि अलीकडे राजमुद्रा असा माल पाटीवर रंगवलेला असतो, दर ठरलेला असतो, आणि सुई मात्र सर्वांना एकच असण्याची भीती असते. म्हणून नव्याने गोंदवून घेतलेल्याचे रक्त रक्तपेढ्या बारा महिने घेत नाहीत. गोंदणावरून माणसाला दारातून परत पाठवणाऱ्या सर्व संस्थांमध्ये कारण सांगता येणारी बहुधा ही एकच संस्था आहे.

गोंदण टिकते कसे, याचा उलगडा तसा अलीकडचा आहे. सुईने सोडलेले रंगाचे कण त्वचेच्या आतल्या थरातील भक्षक पेशी, म्हणजे शरीरात शिरलेला परका पदार्थ गिळून टाकण्याच्या कामावर नेमलेल्या पेशी, गिळतात. त्यांना तो रंग पचत नाही आणि टाकवतही नाही. फ्रान्समधील संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, ती पेशी मेली की रंग बाहेर सांडतो आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तो पुन्हा गिळते, म्हणजे तालुका कचेरीतील प्रलंबित प्रकरण जसे जुना कारकून निवृत्त होताना नव्या कारकुनाच्या टेबलावर जसेच्या तसे ठेवून जातो, तसा हा कारभार आयुष्यभर चालतो. लेसर किरणांनी गोंदण काढणे अवघड जाते ते याच कारणाने. प्रकरण फोडले तरी त्याचे तुकडे पुन्हा कोणीतरी सांभाळून ठेवतो.

परदेशातील प्रकरणांपैकी एक ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहराचे आहे. तेथे 2024 मध्ये पापुआ न्यू गिनीच्या पूर्वजांची परंपरा म्हणून चेहऱ्यावर गोंदण करून घेतलेल्या एका तरुणीला नाइटक्लबच्या, म्हणजे रात्री मद्य आणि नृत्य चालते अशा ठिकाणाच्या, दारातून परत पाठवण्यात आले, आणि त्यावर बरीच चर्चा झाली. ब्रिस्बेन ज्या राज्यात येते त्या राज्याचा मद्यविषयक कायदा गुन्हेगारी मोटारसायकल टोळ्यांची चिन्हे मिरवणाऱ्यांना मद्यालयात मज्जाव करतो. परंतु कोणते चिन्ह टोळीचे आणि कोणते आजीचे हे रात्री अकरा वाजता अंधुक उजेडात ओळखणे द्वारपालास जड जात असल्यामुळे काही व्यवस्थापनांनी मानेवरील व चेहऱ्यावरील सर्वच गोंदणे सरसकट बाद करून टाकली. सरसकट नियमाचा मोठा गुण असा की, तो लावताना डोके लागत नाही. पेठेतील लुगडे नेसून खांद्यावर फडकी, म्हणजे आदिवासी स्त्रिया अंगावर घेतात ते नक्षीचे वस्त्र, घेतलेली एखादी वृद्धा त्या दारात उभी राहिली असती, तर कागदोपत्री तीही मोटारसायकल टोळीची संशयित ठरली असती. ती मोटारसायकलवर बसते हे खरे आहे, पण नातवाच्या मागे, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, आणि मांडीवर तांदळाची पिशवी घेऊन.

जपानचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. एदो काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललेल्या शोगुनांच्या राजवटीत, गुन्हेगारांच्या हातावर पट्टे गोंदवून त्यांना ओळखू येण्याजोगे केले जात असे. ज्यांच्या हातावर पट्टे आले त्यांनी ते झाकण्यासाठी वरून मोठी चित्रे काढून घेतली, अशीही एक उपपत्ती मांडली जाते. पुढे 1872 मध्ये मेइजी सरकारने, पाश्चात्त्य पाहुणे आपल्याला रानटी म्हणतील या धास्तीने, गोंदणावर बंदी घातली, आणि ती 1948 पर्यंत टिकली. ही बंदी जारी असतानाच, 1881 मध्ये, नौदलात उमेदवारी करणारा एक इंग्रज राजपुत्र जपानला पोहोचला आणि तेथील नामवंत कारागिराकडून हातावर अजगरासारखा ड्रॅगन गोंदवून घेऊन परतला. ज्यांच्या नजरेला भिऊन बंदी घातली, तेच गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभे राहिले. तेथील गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहांत मात्र टोळीबाजांच्या भीतीने गोंदलेल्यांना अजूनही ठिकठिकाणी आत घेत नाहीत. 2013 मध्ये होक्काइदो बेटावरील अशाच एका स्नानगृहाने हनुवटीवर पारंपरिक गोंदण असलेल्या न्यूझीलंडच्या एका माओरी शिक्षिकेस परत पाठवले, आणि ती बाई तेथे आली होती ती मूलनिवासींच्या भाषांविषयीच्या परिषदेसाठी.

वर उल्लेखिलेला इंग्रज राजपुत्र म्हणजे पुढचा पंचम जॉर्ज. हा मनुष्य हिंदुस्थानचा सम्राट म्हणून 2 डिसेंबर 1911 रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला, आणि त्या उतरण्याचे स्मारक म्हणून जे बांधकाम 1924 मध्ये खुले झाले त्यालाच गेटवे ऑफ इंडिया म्हणतात. म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध दरवाजा एका गोंदलेल्या माणसाच्या आगमनाच्या स्मरणार्थ उभारलेला असून त्या प्रसंगी कोणीही त्यास बाही वर करून दाखवण्यास सांगितले नव्हते. त्याचा बाप सातवा एडवर्ड यानेही तरुणपणी, 1862 मध्ये, जेरुसलेम येथे हातावर क्रूस गोंदवून घेतला होता. मुंबईतील ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडले त्यावरचा स्वार तोच. तो पुतळा 1965 मध्ये तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला, आणि आता त्या परिसरात बिनस्वाराचा घोडा उभा आहे. भोवतालच्या उपाहारगृहांचे आणि मद्यालयांचे द्वारपाल त्याच्या साक्षीने लोकांचे बूट आणि चपला तपासत असतात.

आता महाराष्ट्रातील मद्यालयाकडे वळणे प्राप्त आहे. या राज्यात कायद्याच्या दृष्टीने बार नावाची मौजेची जागा नाही. आहे ती परमिट रूम, म्हणजे परवानाधारकाने बसून पिण्याची खोली. 1949 चा मद्यनिषेध अधिनियम हा मुळात दारूबंदीचा कायदा असून तो रद्द न करता त्यात भोके पाडत पाडत आजची व्यवस्था साकारली आहे, आणि त्या व्यवस्थेत विदेशी मद्य पिणाऱ्याला जो परवाना लागतो तो प्रकृतीचे रक्षण व संवर्धन या कारणासाठी दिला जातो. तेव्हा शनिवारी रात्री नाशिकच्या एखाद्या परमिट रूममध्ये गाणी लावून बसलेली सर्व मंडळी शासनाच्या लेखी प्रकृतीची काळजी घेत असतात, आणि दारावर अडवलेला गोंदलेला तरुण हा उपचार नाकारलेला रुग्ण ठरतो. कायदा त्याच्याकडून वय मात्र मागतो; बिअर आणि वाइनला 21 वर्षे, आणि त्याहून कडक पेयांस 25. मतदान करणे, लग्न करणे आणि कर्ज काढणे यांस महाराष्ट्रात पंचविशीपेक्षा कमी परिपक्वता पुरते. पेठेच्या आजीबद्दल या बाबतीत शंका घेण्यास जागा नाही, कारण तिच्या हनुवटीवरचे ठिपके बहुतेक द्वारपालांच्या जन्माआधीचे आहेत.

गोंदणाविषयी मद्याचा कायदा काही बोलत नाही. बोलते ती दारावरची पाटी. प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते, आणि तो हक्क कोणी, कोणापासून व कशासाठी राखून ठेवला याचा खुलासा पाटीवर मावत नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 15 चा दुसरा खंड दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणासही अडवण्यास मनाई करतो. या यादीत गोंदण नाही, चप्पल नाही, आणि एकट्याने येणेही नाही. या रिकाम्या जागेतच द्वारपालाचे सर्व पांडित्य फुलते. 1980 च्या दशकात मुंबईच्या विलिंग्डन क्लबने चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना अनवाणी असल्यामुळे आत घेतले नाही, हे प्रकरण त्या काळी गाजले. ज्यांची चित्रे भिंतीवर असणे प्रतिष्ठेचे त्यांचे पाय फरशीवर असणे अप्रतिष्ठेचे, हा भेद क्लबांना स्वच्छ दिसतो. आजच्या शहरी मद्यालयांत जोडीने येणाऱ्यास मान आणि एकट्या पुरुषास जादा शुल्क, अशी नवी वर्णव्यवस्था आहे. त्यात गोंदणाची अडचण तूर्त कमी येते, याचे कारण उदारमतवाद नसून दुसरेच आहे. बाउन्सर या पदावर नेमलेल्या, काळा टी-शर्ट घातलेल्या द्वारपालाच्या स्वतःच्याच दंडावर महाकाल, मानेवर त्रिशूळ आणि मनगटावर आई गोंदलेली असते. गोंदलेल्यांना बंदी केली तर पहिल्यांदा दारच मोकळे पडेल.

आदिवासी पाड्यांवरच्या जुन्या मद्यपानाला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्याला दारच नव्हते. मोहाच्या फुलांची दारू लग्नात, सणाला, देवाच्या कार्यात अंगणात किंवा झाडाखाली बसून पिण्याची, आणि तीही देवाच्या नावाने जमिनीवर थेंब सोडल्यानंतर. अंगणाला पाटी लावता येत नाही. इंग्रज सरकारने 1878 च्या अबकारी कायद्यानंतर दारू गाळण्याचे काम मक्त्याच्या भिंतीआड नेले, तेव्हा भिंत आली, भिंतीला दार आले, आणि दारापाशी कोणीतरी उभा राहिला.

पेठेच्या तरुणाला गोंदण खरोखर आडवे येते ते निराळ्याच दारात. तालुक्यातून जाणाऱ्या रस्त्यांवर भल्या पहाटे धावणारी मुले पोलिसांच्या, निमलष्करी दलांच्या किंवा सैन्याच्या भरतीची तयारी करीत असतात, आणि त्या भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कातडीचे जे वाचन होते त्याच्यापुढे ब्रिस्बेनचा द्वारपाल अगदीच निरक्षर ठरेल. भारतीय सैन्याच्या धोरणानुसार हाताच्या आतल्या बाजूस कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या पाठीमागच्या बाजूस गोंदण चालते, इतरत्र चालत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचा नियम आणखी बारकाईचा आहे. देश धर्मनिरपेक्ष असल्यामुळे देशबांधवांच्या धार्मिक भावनांचा आदर राखला पाहिजे, सबब नाव किंवा धार्मिक चिन्ह गोंदलेले चालेल. मात्र हाताच्या आतल्या बाजूचे असेल तर ते डाव्याच हातावर असावे, कारण डावा हात सलाम करीत नाही. आणि त्याचा आकार शरीराच्या त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान असावा. धर्मनिरपेक्षतेतून देवाला परवानगी, सलामातून डाव्या हाताची निवड आणि भूमितीतून चतुर्थांश, अशी तीन शास्त्रे एका नियमात नांदवण्याचे कौशल्य वाखाणण्यासारखे आहे. यात्रेत उजव्या हातावर ऐटीत महादेव काढून घेतलेल्या मुलाला महादेवही वाचवू शकत नाही, आणि डाव्या हातावर जर तो भक्तीच्या भरात मोठा काढला गेला असेल, तर मोजपट्टी निघते.

आदिवासी उमेदवारांसाठी सैन्याने वेगळी तरतूद केली आहे. आपल्या जमातीच्या चालीरीतींप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदण असणाऱ्यांना प्रत्येक प्रकरण तपासून मुभा मिळू शकते. तरतूद सद्भावनेची आहे यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे विंचवाचे दोन प्रकार पडतात, एक परंपरेचा आणि दुसरा हौसेचा, आणि दोन्ही दिसायला सारखेच असतात. पेठेच्या मुलाच्या हातावरचे गोंदण बहुधा त्र्यंबकच्या यात्रेतले, यंत्राने काढलेले, एखाद्या चित्रपटातल्या नायकाच्या हातावरून उतरवलेले असते. ज्या आजीच्या अंगावर नियमाला अभिप्रेत असलेली अस्सल परंपरा ठिपक्या-ठिपक्याने शाबूत आहे, तिचा भरतीला जाण्याचा विचार नसतो. जमातीचा दाखला कागदावर असूनही त्याची पडताळणी करून घ्यावी लागते, त्या पडताळणीला कागदांची पडताळणी लागते, आणि हातावर असलेला एकमेव न झिजणारा पुरावा नेमका अपात्रतेच्या रकान्यात जातो. अशा वादांपैकी एक 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. सोलापूरच्या एका तरुणाने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात चालकाच्या पदासाठी अर्ज केला होता; त्याच्या उजव्या हातावर धार्मिक चिन्ह होते, ते त्याने बरेचसे पुसूनही घेतले होते, तरी तो अपात्र ठरला, आणि न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. वाहन चालवताना सलाम करणारा हात स्टिअरिंगवर असतो, ही गोष्ट न्यायालयापर्यंत जाण्याआधीच कोणाच्या लक्षात यायला हरकत नव्हती.

राज्यसंस्थेला गोंदणाचा तिटकारा पूर्वापार आहे असे मात्र समजू नये. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये 1797 च्या नियमान्वये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवण्याची शिक्षा ठेवली होती, आणि ती 1849 मध्ये रद्द झाली. त्या काळात सरकार हेच सर्वांत धडाडीचे गोंदणकार होते. स्वतंत्र भारताच्या सरकारनेही कातडीवर खूण करणे सोडलेले नाही, फक्त ते सौम्य केले आहे. 1962 च्या निवडणुकीपासून मतदाराच्या बोटावर म्हैसूरच्या सरकारी रंगकारखान्यात तयार होणारी, चांदीच्या क्षाराची शाई लावली जाते, आणि ती लावण्याची जागा डाव्या हाताची तर्जनी आहे. सलाम न करणारा हात येथेही उपयोगी पडला. ही खूण ज्याच्या बोटावर दिसेल त्याला मतदान केंद्रात दुसऱ्यांदा प्रवेश नाही. अंगावरील दृश्य खुणेमुळे माणसाला दारातून परत पाठवण्याचा हा भारतातील सर्वांत मोठा, सर्वांत शिस्तबद्ध आणि सर्वमान्य प्रसंग होय, आणि त्या वेळी परमिट रूममध्ये जाऊन दुःख विसरावे अशीही सोय नसते, कारण मतदान संपण्यापूर्वीचे 48 तास मद्यविक्री बंद ठेवावी लागते.

मतदानाचा विषय निघाला असता पेठेपुरता या सर्व चर्चेचा रोख बदलावा लागतो, कारण गोंदलेल्या बाईला मद्यालयात घ्यावे की नाही हा प्रश्न या भागात उलट्या बाजूने विचारला जातो: मद्यालयाला गावात घ्यावे की नाही, हे गोंदलेल्या बाईने ठरवायचे असते. महाराष्ट्रात दारूचे दुकान मतदानाने बंद करण्याची एक रीत आहे, तिला लोक आडवी बाटली म्हणतात. 2008 च्या शासकीय आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते, गुप्त मतदान घेतले जाते, आणि मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि दुसरी आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकानाला टाळे लागते. याशिवाय पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने तेथील ग्रामसभांना पेसा कायद्याचे, म्हणजे पंचायतींविषयीच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या 1996 च्या केंद्रीय कायद्याचे, बळ आहे. त्या कायद्यात मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आहे, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. पेठ गावात आता नगरपंचायत असल्यामुळे ग्रामसभेचा हा अधिकार पाड्यांवर चालतो आणि बाजारपेठेच्या तोंडाशी येऊन थबकतो. अधिकाराला हद्द असते. दारूला ती ओळखता येत नाही, विशेषतः जेथे तालुक्याची पश्चिम सीमा ओलांडली की गुजरातची दारूबंदी सुरू होते आणि तिकडचे तहानलेले पाहुणे संध्याकाळी इकडे येतात.

आडव्या बाटलीच्या मतदानात द्वारपालाची भूमिका पूर्णपणे बायकांकडे असते. ज्यांना रोज संध्याकाळी त्या दुकानाच्या दारात कोणीही अडवलेले नसते, ते पुरुष त्या दिवशी केंद्राबाहेर झाडाखाली उभे राहून आत काय चालले आहे याचा अंदाज घेत असतात. हातावर काय गोंदले आहे, ते डाव्यावर आहे की उजव्यावर, चतुर्थांशापेक्षा मोठे आहे की लहान, याची चौकशी तेथे होत नाही, आणि शिक्का मारणारा हात सलाम करणाराच असतो.

तरीही बाटली वाटते तितक्या सहजासहजी आडवी होत नाही, याला नियमातील एक शब्द कारणीभूत आहे. बहुमत मोजायचे ते झालेल्या मतांचे नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांचे. त्यामुळे जी बाई आली नाही ती आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने धरली जाते. लग्न होऊन गेलेली लेक धरली जाते, नाव न वगळलेली मयत म्हातारीही धरली जाते. आणि पेठ-सुरगाण्याकडची बरीच घरे भाताची कापणी संपली की कुलूप लावून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात. तेथे त्या घरांतल्या बायका घड विरळतात, काढणी करतात आणि क्रेट भरतात. त्यांतली काही द्राक्षे निर्यातीला जातात, काही बेदाण्याला, काही नाशिकच्या वाइनच्या टाक्यांत. मतदानाची तारीख जर त्याच हंगामात पडली, तर गावातल्या केंद्रात त्यांचे रकाने कोरे राहतात, आणि बागेतल्या प्रत्येक गोंदलेल्या हातामागे गावाकडची बाटली अर्ध्या बोटाने अधिक ताठ होते. तारीख ठरवणाऱ्या कचेरीला द्राक्षांचा हंगाम ठाऊक असतो. दुकानाच्या मालकाला तो त्याहून चांगला ठाऊक असतो.